पुलाजवळचं वावर

पंचफुला आली तेव्हा तिच्या हातात मुळासकट उपटलेलं वांग्याचं झाड होतं. मीराबाईंच्या पुसलेल्या फरशीवर तिनं ते ठेवलं आणि दाराशीच टेकली.

"खुर्चीवर बसा," मीराबाई म्हणाल्या.

"नाई बाई, पाय मातीचे हायेत."

झाडाची पानं कडेनं आक्रसून पिवळी पडली होती. लहान वांगी देठापाशीच काळी झाली होती. नत्थूजींनी वाकून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"तणनाशक."

नत्थूजी एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मीराबाई वर्ध्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नोकरी सुटल्यावर त्यांनी बोरगाव मेघेच्या घरावर 'खाजगी चौकशी' अशी पाटी लावली आणि नत्थूजींची स्कूटर त्यांच्या कामाला लागली. बाईंचं डोकं आपल्यापुढे दोन स्टॉप असतं, हे नत्थूजींनी केव्हाच मान्य केलं होतं. तरी दर वेळी आधी आपलं मत सांगून टाकायची त्यांना सवय होती.

"भाऊबंदकी असन," ते म्हणाले.

"आधी त्यांना बोलू द्या."

पंचफुला पवनारची. भाजी पिकवायची आणि जाऊ धरून गावातल्या तीन बायांसोबत भाजी उत्पादक संस्थेमार्फत एका खाजगी आश्रमशाळेत पोचवायची. तिथल्या स्वयंपाकघरात तिनं तुरीच्या डाळीत किडे वळवळताना पाहिले. तीच डाळ धुऊन, वाळवून पोरांना घालत. पोरं उलट्या करत होती.

"म्या अंकिताले सांगतलं. थे आमच्या बचत गटाच्या बैठका घेते, कम्प्युटर जानते. तिनं माह्या नावानं एका खासदाराले मेल केली. नाव कोनाले कळनार नाई म्हने."

"मग?"

"मंग थ्या खासदारानं दिल्लीत भाषन केलं."

ते भाषण मीराबाईंनी टीव्हीवर पाहिलं होतं. इंटरनेटचा कायदा सुधारायचा आणि गैरकारभार उघड करणाऱ्याला संरक्षण द्यायचं, यावर लोकसभेत चर्चा चालली होती. खासदार कळकळीनं बोलला होता. वर्धा जिल्ह्यातली एक भाजीवाली शेतकरीण आश्रमशाळेत भाजी पोचवते, तिनं धाडस केलं, तिचं नाव मी मरेपर्यंत सांगणार नाही. बाकं वाजली होती.

"नाव नाही सांगितलं, बाकी सगळं सांगितलं," मीराबाई पुटपुटल्या. "पुढे?"

"मंग त्यायचं उत्तर आलं. गुरुवारी साहेब न सांगता तपासनीले येतीन, तोवर कोनाले बोलू नोका. म्या नवऱ्याले बी दिवस नाई सांगतला. अन् परवा कोनं तरी इख फवारून वावर जाळलं. काल सकाळी नवऱ्याले फोन आला, पुलाजवळचं वावर तर गेलं तुमचं, आता तक्रार वापस घ्या."

"तुमचं नुकसान केवढं झालं?"

पंचफुला गोंधळली. "माह्यं नाई झालं. थे वावर जाऊबाईचं हाये, कौशल्याबाईचं. मागच्या सालापर्यंत माह्याकडे होतं. दसऱ्याले आमी अदलाबदल केली, तिच्या इहिरीले पानी कमी म्हनून. आता माह्यं वावर टेकडीकडे."

मीराबाईंनी झाडावरची नजर उचलली. "हे गावात सगळ्यांना माहीत आहे?"

"सगळ्यायले. रोज दिसते ना बाई." ती थांबली. "मले एवढंच पाह्यजे, कोनं सांगतलं थे. घरातलं मानूस असन तर मी तक्रार वापस घेतो. घरच्यायले इख नाई घालता येत."

स्कूटर पवनारला पोचली तेव्हा चंद्रभान, पंचफुलाचा नवरा, ओसरीवर बसून दोर वळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"मी भेलो, खरं सांगतो. पन म्या कोनाले नाई सांगतलं. फोन आल्यावर तेवढा प्रभाकररावांकडे गेलतो, सल्ला घ्याले. ते आमच्या भाजी संस्थेचे सचिव. त्यायले बायको तक्रारवाली हाये म्हनून सांगतलं."

"त्यांना तपासणी कधी आहे तेही सांगितलंत?"

"कायची तपासनी?" चंद्रभान म्हणाला, आणि दोर त्याच्या हातातून सुटला.

कौशल्याबाई जळालेल्या वावरात झाडं उपटून ढीग लावत होती.

"मले इचारता का? मी माह्यंच वावर जाळीन?" ती म्हणाली. "पोराच्या कालेजाचे कपडे या वांग्यायवर होते. ज्यानं केलं त्याले तर वाटलं असन की पंचफुलाचं हाये. डोयाचा आंधळा होता का?"

"आंधळा नव्हता," मीराबाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहत होता."

नत्थूजींना यातलं काही कळलं नाही. ते स्कूटरला किक मारत राहिले.

नालवाडीतल्या सायबर कॅफेत अंकिता वाट पाहत होती. पातळ, तरतरीत मुलगी. रडून डोळे सुजलेले.

"मेल मीच टाइप केली, बाई. तक्रारीला नाव-पत्ता लागतो. पवनारच्या पुलाजवळ वांग्याचं वावर, असं मीच टाकलं. मागच्या वर्षी तिथं गेले होते. बदललं ते मले माहीतच नव्हतं."

"उत्तर आलं ते कोणी उघडलं?"

"आम्ही दोघींनी. पण बाई, तेव्हाच मी पंचफुलाताईंले म्हटलं होतं. न उघडलेली मेल जाड अक्षरात दिसते. ही आम्ही यायच्या आधीच बारीक अक्षरात होती. कोणीतरी उघडून पाह्यली होती."

"मंग धीरजच," नत्थूजी हळूच म्हणाले. "दुकान त्याचं."

धीरजच्या कानावर ते गेलंच. कॅफेचा मालक, पवनारचाच, गळ्यात हेडफोन अडकवलेला.

"काका, मी रोज सकाळी पंचफुलाकाकूच्या टेकडीवरच्या वावरातून मेथी घेऊन येतो. अन् माह्यावर शक? हे दुकान लोकांच्या भरवशावर चालते. निम्म्या नालवाडीचे आयडी म्याच बनवले. संस्थेच्या बायांचे, प्रभाकररावांच्या पोरीच्या स्थळांसाठी त्यायचा, तुमचा बी."

"प्रभाकरराव येतात इथं?"

"कोपऱ्यातल्या केबिनमंधी बसतात. स्थळं पाहाले एकांत लागते म्हनतात."

नत्थूजींना पुण्याच्या मुलाची मेल आठवली. ते जवळच्या कम्प्युटरसमोर बसले आणि एका बोटानं, ओठ हलवत, टाइप करू लागले. "व... र्धा... एक... दोन... तीन."

"काका, पासवर्ड मनात म्हना," धीरज हसला. "सगळं दुकान ऐकून राह्यलं."

"ऐकू दे. माह्या मेलीत काय सोनं हाये का?"

मीराबाई मात्र हसल्या नाहीत. नत्थूजींच्या बोटांकडे पाहत राहिल्या.

भाजी उत्पादक संस्थेची शेड तिथून जवळच होती. आश्रमशाळेची भाजी आणि किराणा तिथूनच जायचा. प्रभाकरराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, चकचकीत बुटांत बसले होते. त्यांनी चहा मागवला. नत्थूजी ताडपत्री झाकलेल्या पोत्यांवर टेकले.

"फार वाईट झालं," प्रभाकरराव म्हणाले. "पंचफुला माझ्या मुलीसारखी."

"तिचं वावर तुम्ही पाहिलंय?"

"वावरात मी कशाला जातो? भाजी इथं येते, मी इथं मोजून घेतो. वीस वर्षांत या बुटांना धाम नदीचा गाळ लागला नाही." ते आपल्याच विनोदावर हसले. "चंद्रभानला मी एकच सांगितलं. बुधवारच्या आत तक्रार मागे घ्या, विषय संपवा. मोठ्या लोकांशी भांडण नको."

"आणि त्या मेलबद्दल तुमचं काय मत? कुणी वाचली असेल?"

"मला विचारू नका. त्या यंत्राला मी आयुष्यात हात लावला नाही."

बाहेर आल्यावर मीराबाईंनी नत्थूजींना थांबवलं. त्यांच्या पँटीला मागून पिठासारखी पांढरी भुकटी लागली होती. मीराबाईंनी ती बोटावर घेतली. त्यातून एक बारीक किडा चालत निघाला.

"सज्जन मानूस हाये," नत्थूजी स्कूटर पुसत म्हणाले.

"उद्या सगळ्यांना धीरजच्या दुकानात बोलवा. सज्जन माणसालाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅफेत माणसं दाटीनं बसली. प्रभाकररावांना संस्थेचा विषय आहे असं सांगितलं होतं. त्यांनी सगळ्यांत चांगली खुर्ची घेतली. पंचफुला नवऱ्यापासून जरा दूर, भिंतीला टेकून होती.

"आधी तुमची शंका दूर करते," मीराबाई तिला म्हणाल्या. "घरच्या कुणीही हे केलेलं नाही. पवनारच्या कुणीच नाही. वावराची अदलाबदल सगळ्या गावाला दिसते. ज्यानं तणनाशक मारायला माणूस पाठवला त्याला ती माहीत नव्हती. पुलाजवळचं वावर तुमचं, असं फक्त एका ठिकाणी होतं. अंकितानं चुकून मेलमध्ये टाकलं तिथं. म्हणजे बातमी तोंडातून फुटली नाही. मेलमधून फुटली."

"मंग अंकिता?" कौशल्याबाईनं विचारलं.

"मेल आधीच कुणी उघडली हे तिनंच दाखवून दिलं. चोर स्वतःच्या पावलांकडे बोट करत नाही. राहिला धीरज. तो रोज टेकडीवरून मेथी आणतो. त्याचं वावर चुकलं नसतं."

"मंग मेल उघडली कोनं?" नत्थूजींनी विचारलं. "पासवर्ड तर लागते ना."

"तुम्हीच उघडा. पंचफुलाबाई, चालेल?"

पंचफुलानं मान डोलावली. अंकितानं तिचा आयडी टाकून दिला. नत्थूजी समोर बसले. "पन मले यायचा पासवर्ड माहीत नाई."

"तुमचा टाका."

नत्थूजींनी एका बोटानं टाकला. या वेळी मनात. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि पंचफुलाची मेल उघडली.

धीरजनं दोन्ही हात डोक्याला लावले. "लोकं इसरतात म्हनून म्या सगळ्यायले एकच देल्ला होता."

"आयडी म्हणजे नाव, पुढे गाव, आणि पासवर्ड सगळ्यांचा एकच. तू ज्याला ज्याला आयडी करून दिला, त्या प्रत्येकाच्या हाती सगळ्यांच्या घराची किल्ली. नत्थूजींच्या, आणि प्रभाकररावांच्याही."

प्रभाकरराव सावकाश हसले. "माझ्या मुलीच्या स्थळांसाठी आयडी आहे. त्यात काय?"

"त्यात एवढंच, की काल तुम्ही त्या यंत्राला आयुष्यात हात लावला नव्हता."

हसू तसंच राहिलं.

"खासदारानं भाषणात भाजी पोचवणारी बाई म्हटलं. अशा बाया चार. चौघींचे आयडी इथलेच. तुम्ही कोपऱ्यात बसून एकेकीचं नाव टाकून पाहिलंत. पंचफुलाच्या मेलमध्ये तक्रार होती आणि वावराचा पत्ताही. बूट चिखलात घालायची सवय असती तर तो पत्ता जुना आहे हे कळलं असतं."

"अंदाज आहेत सगळे."

"बुधवारच्या आत, असं का म्हणालात? दुसऱ्या वारी का नाही? तपासणी गुरुवारी आहे, हे पंचफुलानं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ते खासदाराच्या उत्तरात होतं. ज्यानं ते वाचलं त्यालाच बुधवारची घाई होती. आणि आश्रमशाळेत किडकी डाळ जाते कुठून, ते तुमच्या ताडपत्रीखाली आहे. काल नत्थूजी त्यावर बसून आले."

नत्थूजींचा हात नकळत पँटीकडे गेला.

प्रभाकरराव उठले. दारापाशी चंद्रभान उभा होता. तो बाजूला झाला नाही, पण हातही उचलला नाही. नुसता म्हणाला, "मी तुमच्याकडे सल्ला घ्याले आलतो, दादा."

प्रभाकररावांची नजर खाली गेली. ते वाट काढून बाहेर पडले.

"पळून कुठं जातात," मीराबाई म्हणाल्या. "अंकिता, इथून आपण ठाण्यात जाऊ. दुसऱ्याची मेल चोरून वाचणं, पीक जाळणं, दोन्ही लिहून देऊ. पोती हलायच्या आत गेलं पाहिजे. धीरज, तू तोवर सगळ्यांचे पासवर्ड बदलायला बस."

पंचफुला अजून भिंतीशीच होती. "घरचं कोनी नाई, थे बरं झालं," ती म्हणाली. "पन आता तर सगळ्यायले माह्यं नाव माहीत झालं. गुरुवारी मी एकटी कशी उभी राहू?"

"एकटी काऊन?" कौशल्याबाई म्हणाली. "वांगी माह्यी जळाली. तुह्यावरच्या रागानं जळाली, तरी माह्यीच ना. मी येतो. बाकीच्या दोघीयले बी आनतो. आयतंच चौघी होऊन जातो."

"मी बी," चंद्रभान म्हणाला.

"तुमी घरी गाईचं दूध काढजा," पंचफुला म्हणाली, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली.

गुरुवारी सकाळी आश्रमशाळेच्या फाटकाशी जीप थांबली. तरुण अधिकारी उतरला आणि समोर उभ्या चार बाया पाहून घुटमळला. मग पुढं येऊन दबल्या आवाजात म्हणाला, "तुमच्यापैकी तक्रारदार कोण? घाबरू नका, नाव गुप्त राहील."

पंचफुला एक पाऊल पुढं झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पोरं डोकावत होती.

"मी होये, साहेब," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं इचारलं तरी चालते."