वरच्या ओळीचं आमंत्रण

रबराच्या मळ्यातल्या त्या वस्तीला धड रस्ता नाही. वीज दिवेलागणीला येते आणि जेवणं आटोपेपर्यंत जाते. कोणी आजारी पडलं तर रबराचा चीक नेणाऱ्या ट्रकमध्ये ड्रमांशेजारी बसून तालुक्याला जायचं, तेही ट्रक आला तर. पण माणसांचं नाक मात्र कायम वर. आमच्या पणज्यांना जावा बेटावरून जहाजात कोंबून इथं सुमात्रात आणलं, त्यांनी जंगल तोडून मळा उभा केला, आणि तेव्हापासून आमच्या कंदुरीतून, सगळ्या वस्तीच्या जेवणातून, कोणी उपाशी गेलेलं नाही, असं ते कोणालाही ऐकवतात. वागिनेम तर हे सांगताना कमरेवर हात ठेवते. तिला तो हक्कच आहे. कंदुरीचा भात तीच शिजवते. तिच्याआधी तिची आई शिजवायची, आईआधी आजी. त्या चुलीवरचा भात कधी कमी पडला नाही.

तिचा नवरा जुमिरान तेवढ्याच मानाचा. आमंत्रणं द्यायचं काम त्याचं. दारोदार जाऊन उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, अदबीनं बोलवायचं, आणि आतून ओ आली की पुढचं दार. ज्या दारानं ओ दिली, ते घर जेवायला येणार. दिलेलं आमंत्रण मागे घ्यायचं नाही, अशी तिथली रीत.

अलीकडे त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. वस्तीचा प्रमुख सुगियोनो तरुण माणूस, मनानं वाईट नाही, पण घाईचा. त्यानं यंदा वडीलधाऱ्यांना लावायचा ‘पाक’ लावून सुचवलं, "पाक जुमिरान, तुम्ही कशाला पाय झिजवता? सगळ्यांना फोनवर कळवतो."

"मग जेवणही फोनवरच वाढ," जुमिरान म्हणाला.

लोक हसले. सुगियोनोचे कान लाल झाले. "जा तुम्ही. पण यंदा घोटाळा झाला, तर पुढच्या वर्षीपासून हे काम तुमच्याकडे नाही."

जुमिरान घरी येऊन नुसता बसून राहिला. त्या कामाखेरीज त्याच्यापाशी आता काही उरलं नव्हतं, हे वागिनेमला ठाऊक होतं. चीक काढायची सुरी त्यानं केव्हाच खाली ठेवली होती.

कंदुरीच्या दिवशी पहाटेपासून दाट धुकं होतं. जुमिरान एकटाच गेला. कोणाला बरोबर घेणं त्याला कमीपणाचं वाटलं. परतला तेव्हा मशिदीमागे बायका स्वयंपाकाला लागल्या होत्या. त्याचे पाय गुडघ्यापर्यंत लाल चिखलानं भरले होते, आणि चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा फुललेला.

"सगळी दारं झाली," तो म्हणाला. "वरची ओळसुद्धा येतेय."

वागिनेमचा डाव हातातच राहिला. "कुठली वरची ओळ?"

"कुठली म्हणजे? पाण्याच्या टाकीपलीकडची. बायामाणसं दारातच बसली होती. काय आगत केली गं त्यांनी! खारवलेले मासे आहेत का, म्हणून विचारत होती. एकीनं विचारलं, भात कोण शिजवतंय? मी म्हटलं, माझी बायको, वागिनेम. तर म्हणते, अस्सं, म्हणजे सोनेमची नात." तो थांबला. "तुझ्या आजीचं नाव सोनेम होतं होय? मला कधी बोलली नाहीस."

ती कोणालाच बोलली नव्हती. आजीला सगळे म्बाह म्हणत, आणि म्हाताऱ्या माणसाचं नाव घ्यायची पद्धत नव्हती.

टाकीपलीकडे आजीच्या तरुणपणी मजुरांची लांब बराक होती. एका साथीत ती सगळी रिकामी झाली. मळेवाल्यांनी लाकडं जाळली आणि तिथं रबर लावलं. ते रबर म्हातारं होऊन तोडलं, पुन्हा नवं लावलं. आता झाडांमध्ये चुलीचे काळे दगड तेवढे उरलेत. चीक काढणारे त्यांना वळसा घालून जातात.

फणस चिरणारी पोनिराह आधी फिसकन हसली. "ऐकलंत का गं? म्हाताऱ्यानं झाडांना जेवायला बोलावलंय!"

बायकांत हशा पिकला. जुमिरानला काही कळेना. तो हसऱ्या चेहऱ्यानंच एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. ते बघून वागिनेमच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्यात दात काढण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं बोलावलंय ना? मग ते जेवणार. पोनिराह, आणखी तांदूळ धू."

"किती?"

"अख्ख्या ओळीला पुरेल एवढा."

खारवलेले मासे कंदुरीत नव्हते. ते तिनं स्वतःच्या घरून आणले.

दुपारच्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात चटया पडल्या. माणसं गोल करून बसली. चढाच्या बाजूला वागिनेमनं वेगळ्या चटया घातल्या आणि त्यांवर बांबूच्या टोपल्या मांडल्या. भात, फणसाची भाजी, कोंबडी आणि मासे. झाकणं तिनं स्वतः दोरीनं बांधली. चटयांवर कोणी आलं नाही. जुमिरान ताठ बसला होता, दुधाळ डोळे तिकडेच लावून.

सुगियोनो वाकून त्याच्या कानाशी आला. आवाज मऊ होता, आणि म्हणूनच वागिनेमला जास्त लागला. "पाक, पुढच्या वर्षी आराम करा हं."

"हळू," जुमिरान म्हणाला. "तुझा पाय त्या बाईच्या पायावर पडतोय."

सुगियोनोनं चटकन पाय उचलला. का उचलला, हे त्यालाही कळलं नाही.

मग प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांनी तळवे वर केले, माना खाली घातल्या. वागिनेमला कुठून तरी ओल्या लाकडाच्या धुराचा वास आला. चूल तर कधीच विझली होती.

आमीन म्हणून माणसांनी माना वर केल्या.

चढाच्या चटयांवर एकही टोपली नव्हती.

कोणी उठलं नव्हतं. कोणी आलं नव्हतं. पोनिराहनं हातातला पेला खाली ठेवला, आणि तो चटईवर कलंडला तरी कोणी उचलला नाही. त्यानंतर सुगियोनोनं फोनचं नाव काढलं नाही.

वागिनेमला भीती वाटली, नाही असं नाही. पण त्याहून मोठं काही तिच्या छातीत दाटून आलं. नवऱ्याचा शब्द राहिला होता. भात पुरला होता.

सकाळी तिनं मागचं दार उघडलं. पायरीवर टोपल्या होत्या. धुतलेल्या, एकीत एक घातलेल्या, अजून ओल्या.

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे त्या वस्तीत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तिनं वरच्या टोपलीचं झाकण काढलं. आत भात होता. लाल, जाडाभरडा, बराकीत मिळायचा म्हणून आजी सांगायची तसला. वाफाळता.

पुढच्या दाराशी जुमिरान कोणाशी तरी बोलत होता.

"हो, हो. न यायला काय झालं? दोघंही येतो."

तो आत आला. चेहरा कालच्यासारखाच फुललेला.

"कोण होतं?"

"वरच्या ओळीतली. आज त्यांच्याकडे कंदुरी आहे."

"मग? काय सांगितलंत?"

"काय सांगणार? ते आपल्याकडे आले, आपण नाही जायचं? शब्द दिला मी."

तिनं टोपलीचं झाकण पुन्हा लावलं.

"आणि तुला निरोप आहे. म्हणाली, सोनेमच्या नातीला सांग, चूल तिच्यासाठी राखून ठेवलीय. तिच्याशिवाय तिथं भाताला हात लावायचा नाही, असं ठरलंय."

वागिनेम दारापासून एक पाऊल मागे सरली. आणि खरं सांगायचं, तर तिची मानही ताठ झाली. तिनं पेटीतला लग्नाकार्याचा झगा काढून झटकला. केस विंचरून अंबाडा घातला. भिंतीवरचा आजीच्या वेळचा डाव उतरवला आणि कोरड्या फडक्यानं नीट पुसला.

बाहेर उजाडलं होतं. टाकीपलीकडे, रबराच्या झाडांतून, चुलीचा धूर सरळ वर चढत होता.