सातवी बशी

इंदूबाईंच्या शिकवणीत पहिला धडा पाढ्यांचा नसे, पाण्याचा असे. रायपूरच्या बूढ़ापारा भागातल्या एका अरुंद गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. दुपारी चारला मुलं धडधडत जिना चढत, चपला ओळीत लावत आणि खिडकीखालच्या फळीवरून आपापला स्टीलचा पेला उचलत. सहा मुलं, सहा पेले, आणि प्रत्येक पेल्यावर एक बशी. कप फुटून गेले आणि मागे राहिल्या, अशा त्या बश्या होत्या. एकीवर गुलाबी फुलं, एकीला निळी रेघ, दोन तपकिरी काचेच्या. कोणती बशी कुणाची हे मुलांना पाठ होतं आणि त्यावरून भांडणंही होत.

"उघडं पाणी पिऊ नये, झाकलेलं प्यावं," हे वाक्य सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं आणि मग पाणी प्यायचं. शाळेत तेहतीस वर्षं बाईंनी हेच शिकवलं होतं. रायपुरात बाई म्हणजे घरकाम करणारी, म्हणून आताची मुलं त्यांना टीचरआजी म्हणत. जुनी मराठी घरं मात्र अजून बाईच म्हणायची.

क्षमा त्यांच्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती. आता तेवीसची होऊन शहराबाहेर वसवलेल्या नवा रायपुरातल्या एका ऑफिसात नोकरी करत होती. जानेवारीत ऑफिसची मंडळी पहिल्यांदाच तिला संध्याकाळी जेवायला घेऊन जाणार होती, तिकडच्याच एका गच्चीवरच्या हॉटेलात. शंकर नगरला राहणाऱ्या तिच्या आईने, सुशीलाने, तिला आधी बाईंकडे धाडलं. पोरगी आईचं ऐकत नसे, बाईंचं ऐकायची.

बाईंनी तिला अडवलं नाही. हातचा घेऊन वजाबाकी शिकवावी तशा शांतपणे समोर बसवून सगळं सांगितलं. बाटली आपल्या डोळ्यांसमोर उघडली गेली पाहिजे. गप्पा मारताना पेल्यावर तळहात ठेवायचा. जागेवरून उठलीस तर परत आल्यावर तो पेला तुझा नाही, दुसरा मागव, कोणी हसलं तरी हसू दे. डोकं जड वाटलं तर संकोच करायचा नाही, लगेच ऑफिसातल्या मैत्रिणीला, चेतनाला सांगायचं, आणि तिच्याशिवाय कोणाबरोबरही तिथून निघायचं नाही.

"आजी, मैं नींबू सोडा पीने जा रही हूँ, लड़ाई पे नहीं," क्षमा हसत म्हणाली. पण तिने सगळं परत म्हणून दाखवलं, लहानपणी दाखवायची तसं.

आणि तिने सगळं पाळलंही. फक्त एकदा ती हात धुवायला गेली, आणि तेवढ्यात चेतनाला फोन आला म्हणून तीही उठली. परत आल्यावर क्षमा दुसरा पेला मागवणारच होती. पण टेबलावरचा तिचा पेला कोणीतरी झाकून ठेवला होता. वर जाड, पांढरी, हॉटेलातली असते तशी बशी होती, आणि तिच्या काठाला तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडालेला होता.

"मले वाटलं, कोणीतरी चांगलं माणूस आहे इथं," क्षमाने नंतर बाईंना सांगितलं. एरवी ती हिंदीतच उत्तर द्यायची. हे मात्र मराठीत म्हणाली.

तोच पेला ती प्यायली होती. साडेसातनंतरचं तिला काही आठवत नव्हतं. चेतना फोन संपवून आली तेव्हा क्षमाची खुर्ची रिकामी होती. तिने सगळं पालथं घातलं. चार तासांनी तिला क्षमा सापडली, ती दोन किलोमीटरवर, नवा रायपुरातल्याच एका रुंद, रिकाम्या रस्त्यावरच्या बसथांब्यात. ताठ बसलेली. चपला शेजारी ओळीत लावलेल्या. उजव्या तळहातावर एक गोल वळ उमटला होता, कितीतरी वेळ पेल्याच्या काठावर हात दाबून धरल्यासारखा. तो आठ दिवस गेला नाही. त्या चार तासांत काय झालं हे तिला सांगता येईना, आणि दुसरं कोणी सांगणारं नव्हतं. रक्त तपासेपर्यंत रक्तात काही उरलं नव्हतं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. हॉटेलच्या कॅमेऱ्यात ते टेबल स्वच्छ दिसत होतं. सात वाजून सव्वीस मिनिटांनी पेला उघडा होता, साडेसातला झाकलेला. मधली चार मिनिटं चित्रात नव्हतीच. मशीन जुनं आहे, असं होतं कधीकधी, असं तिथला माणूस म्हणाला.

तेव्हापासून क्षमा कुठल्याही भांड्यातलं काही पिईना. बंद बाटली नको, दूध नको, आईने दिलेला चहासुद्धा नको. मोरीतला नळ सोडायचा, ओंजळीत धार घ्यायची, निरखून पाहायची आणि दोन घोट घ्यायचे, एवढंच. थंडीत ते निभलं. मे महिन्यात रायपूरचं ऊन चव्वेचाळीसला टेकलं आणि तिच्या मनगटातून बांगड्या आपोआप गळू लागल्या. मूत्रपिंडं थकली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांत पोटभर पाणी पिऊ लागली नाही, तर भरती करावं लागेल. सलाइन लावावं, तर ते एकदा लावून पाहिलं होतं. क्षमाने सुई उपसून टाकली होती. नळीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते दिसत नाही, म्हणाली.

बाई दर आठवड्याला तिच्याकडे जात, शेजारी बसत आणि परत येत. झाकलेलं ते चांगलं, हे त्या पोरीला सहाव्या वर्षी कोणी शिकवलं होतं, याचा विचार त्यांना जिना चढताना हटकून यायचा.

सातवी बशी पहिल्यांदा दिसली ती एप्रिलमधल्या एका मंगळवारी. नीलचं गणित चुकलं होतं म्हणून बाई उठून त्याच्यापाशी गेल्या. परतल्या तेव्हा त्यांचा स्वतःचा पेला झाकलेला होता. स्वतःच्या पेल्यावर त्या कधीच काही ठेवत नसत. ओतायचं आणि लगेच प्यायचं, ही त्यांची सवय.

"कोणी झाकला रे?"

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. नील म्हणाला, "आजी, आप ही ने ढका होगा. उमर हो गई है, भूल जाती हो." सगळी हसली, बाईही हसल्या. बशी उचलताना त्यांचं बोट काठावरून फिरलं आणि एका जागी अडकलं. तांदळाच्या दाण्याएवढा टवका.

बाई भुताखेतांना मानणाऱ्या नव्हत्या. त्यांनी कपाट उपसून पाहिलं, खालच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं, भांडी घासणाऱ्या लहानूबाईला विचारलं. कोणाचीच बशी नव्हती. मग त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, बत्त्याने चुरा केला आणि सकाळी आलेल्या कचरागाडीत स्वतःच्या हाताने टाकली.

गुरुवारी ती पिंकीच्या पेल्यावर होती. पिंकी सगळ्यांत धाकटी, सात वर्षांची. तिला गंमत वाटली. "मेरे पे तो दो-दो ढक्कन," म्हणत तिने वरची बशी उचलून दाखवली. खाली तिची गुलाबी फुलांची बशी जागच्या जागी होती. बाईंनी तिच्या हातातून पेला काढून घेतला आणि ते पाणी खिडकीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत ओतलं. बघता बघता मोगऱ्याची पानं खाली वळली. ती संध्याकाळपर्यंत तशीच लोंबत राहिली. दिवेलागणीला पुन्हा उभी राहिली, काही झालंच नव्हतं अशी.

दुसऱ्या दिवसापासून पेले बंद झाले. मुलं आपापल्या बाटल्या आणू लागली. बाईंनी जुनं वाक्य पुसून नवं शिकवलं. नजरेआड गेलेलं पाणी सांडायचं, झाकलेलं असलं तरी. मुलांनी ते दोन दिवसांत पाठ केलं. मुलांचं बरं असतं. बाईंना मात्र ते रोज नव्याने शिकावं लागत होतं. पेला ठेवून पदर सावरला, की बशी. चष्मा पुसला, की बशी. शेवटी त्या नळापाशी उभ्या राहून ओंजळीने पाणी पिऊ लागल्या. एका दुपारी ओंजळ तोंडाशी नेताना त्यांच्या ध्यानात आलं, आपण अगदी क्षमासारख्या उभ्या आहोत.

डॉक्टरांच्या मुदतीतला दुसरा दिवस उजाडला. सकाळी अकराच्या सुमाराला बाई शंकर नगरला पोचल्या. काय करायचं ते त्यांनी रिक्षात ठरवलं होतं. नजर हलवायची नाही, एवढंच.

क्षमा पलंगावर बसली होती. ओठांना भेगा पडल्या होत्या. बाईंनी स्टुलावर स्टीलचा पेला ठेवला, सीलबंद बाटली तिच्यासमोर फोडली आणि पेला काठोकाठ भरला. अर्धा स्वतः प्यायल्या. मग उरलेलं पाणी तिच्यापुढे सरकवलं. दोघी पेल्याकडे पाहत राहिल्या. पाच मिनिटं. दहा मिनिटं. बाई बोलत होत्या, सावकाश, पहिलीतल्या पोराला अक्षर गिरवायला लावावं तसं. हे पाणी बाटलीतून आलं. तू पाहिलंस. मी प्याले. तू पाहिलंस. अजून आपण पाहतोच आहोत.

क्षमाचा हात उठला. पाच महिन्यांत पहिल्यांदा तो पेल्याच्या दिशेने निघाला.

आणि स्वयंपाकघरात सुशीलाच्या हातून परात पडली.

दोघींनी तिकडे पाहिलं. क्षणभरच.

परत वळल्या तेव्हा पेल्यावर बशी होती. पांढरी, जाड.

पण क्षमा घाबरली नव्हती. तिचा चेहरा सैल झाला होता. तिने बशीकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. सहा वर्षांची असताना हसायची तशी.

"तुम्ही झाकलं ना, आजी?"

नाही म्हणावं, तर ही पोर पुन्हा कधी पेल्याला हात लावणार नाही. उद्या भरती, आणि तिथेही सुई उपसेल. हो म्हणावं, तर आत्ता पिईल.

तिच्या डोळ्यांदेखत पाणी ओतून टाकावं, तर बाईंच्या पेल्याचाही भरवसा नाही, हे तिला कळेल.

बाई आयुष्यात मुलांशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच झाकलं. पण हे माझं उष्टं आहे. हे मी संपवते, तुला दुसरं देते."

त्यांनी बशी बाजूला केली आणि पेला एका दमात रिकामा केला. पाण्याला पाण्याचीच चव होती.

पेला खाली ठेवताना

खिडकीतून उतरतं ऊन चटईवर पडलं होतं. चटईवर सहा मुलं पालथी पडून लिहीत होती. बाई आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच वाजले होते. त्यांच्या चपला खुर्चीशेजारी होत्या, ओळीत.

पिंकी उठून वही घेऊन आली. गोल गोल अक्षरांत पान भरलं होतं. झाकलेलं पाणी बिनधास्त प्यावं. झाकलेलं पाणी बिनधास्त प्यावं. वीस वेळा.

"हे कोणी लिहायला सांगितलं?"

"आप ही ने तो," पिंकी म्हणाली. तिला वाटलं, टीचरआजी परीक्षा घेत आहेत.

तेवढ्यात फोन वाजला. सुशीला होती. ती रडत होती, पण आनंदाने. बाईंना काही विचारायला तिने उसंतच दिली नाही.

"बाई, पोट्टीनं पाणी पेलं. पुरा ग्लास. तुम्ही दुसरा भरून, झाकून ठेवून गेल्या ना, तोच. गटागट पेली. आता झोपून राहिली, दुपारपासून. किती महिन्यांनी अशी झोपली."

"सुशीला, तिला उठव."

"काहून? झोपू द्या ना तिले."

"उठव म्हणते ना. आत्ता."

पलीकडे सुशीला हसली. म्हाताऱ्या माणसाची समजूत घालावी तशी म्हणाली, "बाई, तुम्हीच तर सांगून गेल्या. कितीही वेळ झोपली तरी हाक मारू नको म्हणून."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला धरायला हात बदलला. रिकाम्या झालेल्या उजव्या तळहातावर एक गोल वळ होता. खोल, आणि अजून ओला.