शकूआजीचा लाभ

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी खुशाल इथेच थांबावं. मी शाळेत शिकवते, भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मीच दटावते. पण हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मे महिन्यातला मंगळवार. दुपारचे साडेबारा. डोळखांबच्या वरच्या अंगाचा एक पाडा.

मला जनगणनेची ड्युटी लागली होती. घरोघर जायचं, घराला नंबर टाकायचा, मोबाइलमध्ये माहिती भरायची. बाकीचे कुरकुरत होते, मी हौसेने गेले. कारण २०११ला याच पाड्यावर माझे बाबा मोजणीला आले होते. बाबा म्हणजे वाल्मिक गुरुजी, आमच्या किन्हवलीत मोठं नाव. त्या कामाचं पदक आमच्या ओटीवर टांगलेलं असायचं.

बाबांचा एक किस्सा घरात सगळ्यांना पाठ होता. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. बाबांनी त्या पाड्यावर एका म्हातारीला विचारलं, "आजी, घरात माणसं किती?" ती म्हणाली, "लाभ." मग बाबांनी हसत हसत तिचं नाव लिहिलं, तिच्या हातचं पाणी प्यायले आणि निघाले. हे सांगताना त्यांना दर वेळी हसू यायचं. आम्हालाही.

तर... पाड्यातलं शेवटचं घर राहिलं होतं.

दाराला बाहेरून कुलूप. गंजलेलं. चौकटीवर जुना काळा सातचा आकडा. बाबांच्याच हातचा, ते सातचं शेपूट असंच लांब ओढतात.

मी मोबाइलवर 'कुलूपबंद' हा पर्याय शोधत होते.

आतून आवाज आला...

पत्र्याच्या डब्यात तांदूळ ओततात तसा.

"लाभ..."

मला हसूच आलं. म्हटलं, बाबांची म्हातारी अजून आहे की.

"आजी, घरात किती माणसं?"

"लाभ."

"आणि बाहेरून कुलूप कसं काय?"

मग दाराच्या अगदी जवळून...

"चावी खाली बुधूकडं हाय. गुरुजी आणाया गेलं. येतो परत म्हणलं. पाणी सरला गो बाय."

"थांबा आजी, मी आणते. येते परत."

मी पळतच खाली उतरले. पहिल्याच ओट्यावर मंगळू नावाचा माणूस टोपली विणत बसला होता. बुधूचं घर विचारलं.

"खालच्या गावचा बुधू? तो कवाच वारला. काय काम व्हता?"

"चावी हवी होती. वरच्या घरातल्या आजी आत अडकल्यात."

त्याचे हात थांबले.

"बाय, शकूआजी मागल्या मोजणीच्या सालीच गेली. आमी समदी भिवंडीकडं वीटभट्टीवर. तिला काय ध्यानात ऱ्हायचा नाय, रानात भटकायची. म्हणून लेक कुलूप लावून गेला. शेजारची रंभा खिडकीतनं भाकर-पाणी द्यायची, पण ती बाळंतपणाला माहेरी गेली. शिमग्याला आमी आलो तवा..."

त्याने टोपली बाजूला ठेवली.

"मोजणीवाला येऊन गेलेला. दारावर आकडा व्हता. पण त्यानं कोनाला काय सांगला नाय."

मी वर गेले, पण दाराशी न जाता बाजूच्या खिडकीतून पाहिलं. मागची भिंत पडलेली. डबा नाही, तांदळाचा दाणा नाही.

घरी येताना एकच विचार होता. दाराला कुलूप, आत पाणी सरलेलं, मग बाबा तिच्या हातचं पाणी प्यायले कसे?

संध्याकाळी सरळ विचारलं.

"बाबा, शकूआजीच्या दाराला कुलूप होतं ना?"

बाबा पेपरची घडी घालत राहिले.

"चारची एसटी शेवटची व्हती गो. चावी आणाया तास गेला असता."

"दुसऱ्या दिवशी कुणाला तरी सांगायचं."

"ऱ्हायला."

"आणि तिचं नाव?"

"घर बंद लिवला. मग आत माणूस कसा दाखवणार?"

मला वाटलं, आता रडतील. त्यांनी प्यायला पाणी मागितलं.

पंधरा वर्षं या माणसाने आम्हाला तिच्यावर हसवलं. मी वर्गात पोरांनाही हाच किस्सा सांगितलाय. मला माझ्या बापाने फसवलं. पदक काढून मी कपाटात टाकलं. बाबांनी पाहिलं आणि पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आई तांदूळ मोजायला बसली. तिने पहिला शेर भरला. तोंड उघडायच्या आत कोठीच्या खोलीतून...

"लाभ..."

कोठीच्या दाराला बाहेरून कडी होती.

आईचा हात तसाच राहिला. तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. बाबांनी मान वर केली नाही. त्यांना ते नवीन नव्हतं.

तेव्हापासून आई मुकाट्याने मोजते. तरी पहिल्या शेराला आवाज येतोच.

सोमवारी मला यादी द्यायची आहे. सगळी घरं भरून झाली, ते एक राहिलंय. कुलूपबंद लिहू? बाबांनी तेच लिहिलं होतं. रिकामं लिहू? ती माझ्याशी बोलली आहे. दोनदा डोळखांबच्या एसटीत बसले आणि वाटेतच उतरले.

आणि मी तिला 'येते परत' म्हटलंय.

बाबाही हेच म्हणून निघाले होते.