काशाचं बेअरिंग

कल्याणच्या खाडीकाठी गोपीनाथशेठांनी भाताची गिरणी काढली आणि तिच्यासाठी मुंबईहून एक जुनं वाफेचं इंजिन खाडीमार्गे पडावात घालून आणवलं. इंजिन कसलं, गंजाचा ढीग होता तो. ते पुन्हा उभं करायचं काम त्र्यंबकने अंगावर घेतलं. रेल्वेच्या कारखान्यातली नोकरी साहेबाशी भांडून सोडलेला हा ब्राह्मण. पारनाक्यावरच्या शहाण्या मंडळींनी 'लोहारभट' म्हणून त्याची यथेच्छ टिंगल चालवली होती. इंजिन अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर चाललं तर ही तोंडं बंद होणार होती. नाही चाललं तर त्याला गाव सोडावं लागणार होतं.

सगळं सुटं करून, घासूनपुसून झालं. अडलं ते मुख्य शाफ्टच्या बेअरिंगपाशी. हा जाड लोखंडी दांडा ज्या दोन अर्धगोल वाट्यांमध्ये फिरतो, त्यातली खालची काशाची वाटी फुटली होती. ठाण्याचा गिल्बर्ट ओतारी जुने तुकडे वितळवायला बसला, पण मूस भरेना.

"थोडा कासा पायजे," तो म्हणाला.

कासं घरातच होतं. त्र्यंबकची थोरली बहीण आवडाबाई विधवा होऊन माहेरी आली, ती एक काशाचं ताट तेवढं घेऊन आली होती. लग्नातलं, कडेवर तिचं नाव घातलेलं. त्यात ती कधी जेवायची नाही. अधूनमधून चिंचेने घासायची आणि मागल्या दारी उन्हात ठेवायची. ती देवळात गेलेली बघून त्र्यंबकने ते उचललं. मागितलं असतं तर तिने दिलंही असतं. पण मागायला तिच्यासमोर उभं राहावं लागलं असतं, आणि तेच त्याला नको होतं.

संध्याकाळी त्याला जेवायला वाढताना ती म्हणाली, "त्र्यंबक, माझं ताट दिसत नाही रे."

"कल्हईला दिलंय, आक्का."

काशाला कल्हई लागत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शब्द तोंडातून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. आवडाबाई ताक आणायला वळली. त्याचे कान तापले.

ओतलेली वाटी झकास उतरली. आता ती बसवायची. शाफ्टला तेलात कालवलेला शेंदूर पातळ पुसायचा, शाफ्ट वाटीत ठेवून फिरवायचा आणि उचलायचा. वाटीत जिथे शेंदूर लागला तिथे धातू उंच आहे असं समजायचं; तेवढाच खरवडायचा. सगळीकडे सारखा रंग उमटेपर्यंत हेच चालू ठेवायचं.

पहिल्यांदा काठाजवळ थोड्या लाल रेघा उठल्या. त्याने त्या खरवडल्या. पुन्हा शाफ्ट फिरवून उचलला, तर त्या तिथेच होत्या, जरा ठसठशीत. त्याने पुन्हा खरवडलं. यावेळी 'आवडा' स्वच्छ वाचता आलं.

गिल्बर्ट वाकून बघत होता. "ही अक्षरं हायत ना? मना वाचता नय येत. काय लिवलंय?"

"काही नाही. ओतकामाचे चरे आहेत."

"मीच ओतलंय," गिल्बर्ट हळूच म्हणाला. "ताटाचं पानी झालेलं. पान्यावर नाव कुठं ऱ्हातं?" त्याने छातीवर क्रूस काढला आणि बाहेर कोळशाच्या ढिगाजवळ जाऊन बसला.

त्र्यंबक जेवायला घरी गेला, तर आवडाबाई निजली होती. दिवसा कधी न निजणारी.

"सकाळपासून वन्सं म्हणतायत, आतून कुणी खरवडून काढतंय," त्याची बायको हेमा म्हणाली. "अंगाला हात लावून बघितला. ताप नाही, काही नाही."

तो बहिणीच्या उशाशी बसला. सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं. मग पारनाक्यावरची तोंडं आठवली आणि तो उठला. उठताना त्याला स्वतःची किळस आली.

गिरणीत येऊन त्याने खरवडणी हातात घेतली. नावावर टेकवली.

हात पुढे सरकेना.

त्याने वाटीत तेल सोडलं, शाफ्ट ठेवला, वरची वाटी बसवून नट आवळले.

मुहूर्ताला सगळं कल्याण लोटलं. आवडाबाईला कुणी बोलावलं नव्हतं. विधवेला अशा जागी कोण बोलावतं? इंजिन पहिल्या झटक्यात फिरलं. शेठांनी हार घातला. कालपर्यंत 'लोहारभट' म्हणणारे 'त्र्यंबकराव, त्र्यंबकराव' करू लागले. त्याला मान वर करवेना.

बेअरिंग तापलंय का बघायला त्याने वर हात ठेवला. ते अंगाइतकं कोमट होतं.

त्याने हात काढून घेतला. इंजिन बॉयलर पेटवणाऱ्या धोंडीबाच्या हवाली केलं आणि तो घरी आला.

आवडाबाई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. चेहरा टवटवीत.

"आक्का, तुझं ताट मी वितळवलं. इंजिनात घातलं. मला फार लाज वाटते."

"ठाऊक आहे रे." तिने मान वर केली नाही. "राग आला होता. पण आज कसं हलकं वाटतंय."

त्याने तिचा हात हातात घेतला. कौलांवरून इंजिनाचा आवाज इथवर येत होता. दोन ठोके सारखे, तिसरा जरासा रेंगाळलेला.

त्याच्या बोटांखाली तिची नाडी चालली होती.

दोन ठोके सारखे. तिसरा जरासा रेंगाळलेला.

तिने हात सोडवून घेतला. सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "दिवस मावळला की बंद करतात का रे ते?"

उन्हं उतरली होती. धोंडीबाला तसं त्यानेच सांगून ठेवलं होतं.