तीन वाजून चाळीस मिनिटांपर्यंत वैध

ही घटना खरी आहे.

बेळ्ळंदूरच्या त्या इमारतीत नवव्या मजल्यावर एक दार आहे. त्याच्या चौकटीला बाकीच्या दारांपेक्षा नवा रंग आहे. तो का द्यावा लागला, हे विचारलंत तर कुणी सांगणार नाही. पण काही झालंच नव्हतं, असंही कुणी म्हणणार नाही.

आणि हे रात्री घडलेलं नाही. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला दुसरा बुधवार. भर दुपार, लख्ख ऊन, खाली बागेत नळी लावून पाणी घालणारा माळी. अशा वेळी घडलं.

आमची भार्गवी मूळची नागपूरची. बंगळुरूत तिला सहा वर्षं झाली होती. राजस सात महिन्यांचा, आणि ती बाळंतपणाची रजा संपवून कामावर गेली त्याला जेमतेम तीन आठवडे. नवरा, शंतनु, त्या आठवड्यात कामासाठी पुण्याला. घरी बाळाजवळ गंगव्वा. निपाणीकडची, पन्नाशीची बाई. दवाखान्यात राजस झाला त्या दिवसापासून ती सोबत होती. त्याला तेल तिनेच लावायचं, न्हाऊ तिनेच घालायचं. भार्गवीपेक्षा वयाने एवढी मोठी, पण तिला 'अक्का'च म्हणायची.

भार्गवीची कंपनी पाळण्यावर टांगायचे कॅमेरे बनवते. आईने ऑफिसात बसून फोनवर बाळ बघायचं, बोलायचं, आणि कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून तिचा आवाज बाळाला ऐकू यायचा.

तिचं काम त्यातल्या सुरक्षिततेचं. कॅमेरा आणि कंपनीचा सर्व्हर बोलायला लागण्याआधी ओळख पटवतात. सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो. माझं नाव अमुक, मला हे तमुक माणसाने दिलं, आणि या तारखेपर्यंत ते वैध आहे. हे सगळं करणारा तयार कोड मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात. त्या लायब्ररीत एक ऑप्शन असतो. समोरच्याची ओळख तपासायची की नाही?

एका ओळीचा ऑप्शन.

टेस्टिंगच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट सारखं संपायचं आणि नवं करायला कुणाला वेळ नसायचा. मग टीममधले सगळे जे करायचे तेच भार्गवीने केलं. तपासणी बंद. शेजारी शेरा लिहिला, 'रिलीजआधी चालू करणे.' आणि तोच कच्चा कोड तिने घरच्या कॅमेऱ्यात घातला, कारण त्यात चित्र जास्त स्पष्ट दिसायचं. झोपेत राजस दूध प्यायल्यासारखे ओठ हलवतो, ते तिला बघायचं होतं. बाकी काही नाही.

म्हणजे जो कुणी येऊन 'मीच तो' म्हणेल, त्याला तो कॅमेरा बिनतक्रार आत घेत होता. तिच्या बाळाच्या पाळण्यापाशी.

दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. ऑफिसात तान्ह्या बाळांच्या आयांसाठी एक छोटी खोली आहे. भार्गवी तिथे दूध काढायचा पंप लावून बसली होती. फोन समोर टेकवलेला. राजस झोपलेला. पंख्याची घरघर ऐकू येत होती. त्याने पाय झाडला...

वाळे वाजले नाहीत.

चांदीचे वाळे, घुंगरांचे. पाय हलला की वाजणारच. तिने आवाज वाढवला. पंखा मोठ्याने ऐकू आला. त्याने परत पाय झाडला...

काही नाही.

मग पाळण्याशेजारी बसलेल्या गंगव्वाने मान वर केली. सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं. लक्ष देऊन ऐकतो तसं काहीतरी ऐकलं. आणि म्हणाली...

"सरी, अक्का." म्हणजे, बरं.

भार्गवी काहीच बोलली नव्हती. तिचा माइक बंद होता.

तिने गंगव्वाला फोन लावला. पडद्यावर तिला दिसलं, गंगव्वाने फोन हातात घेतला, त्यावरचं नाव वाचलं आणि वर बघून विचारलं, "हिचाच हाय. घेऊ?"

गंगव्वा परत कॅमेऱ्याकडे बघून ऐकत राहिली.

"बरं."

फोन कट झाला.

भार्गवी तशीच उठली. पंप काढला, दूध सांडलं, अंगावर ओढणी कशीबशी घेतली आणि सुधींद्रच्या टेबलापाशी गेली. सुधींद्र बेळगावचा, तिचा सीनियर. तिचा चेहरा बघून त्याने थट्टा सुरू केली होती, "काय गं, पोराची आठवण काढून रडालीस काय?" पण तिने फोन पुढे केला आणि काय घडलं ते सांगितलं. त्याने तिच्या कॅमेऱ्याचा लॉग, म्हणजे कोण कधी जोडलं त्याची नोंद, उघडला.

कॅमेऱ्याला दोन जण जोडलेले होते.

एक कंपनीचा टेस्टिंगचा सर्व्हर. त्यातूनच तिच्या फोनवर चित्र येत होतं. आणि दुसरा... कुठून आला, त्याचा पत्ता नव्हता. पण त्याने सर्टिफिकेट दाखवलं होतं. सुधींद्रने ते उघडून वाचलं.

नाव, भार्गवीचं. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट.

देणाऱ्याचं नाव, तेच. स्वतःच लिहिलेलं, स्वतःच सही केलेलं.

कधीपासून वैध? नऊ जुलै, पहाटे चार वाजून बारा मिनिटं.

सुधींद्रने विचारलं, ही तारीख कसली.  राजसच्या जन्माची वेळ होती ती. मिनिटासकट.

कधीपर्यंत वैध?

आज. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं.

घड्याळात दोन अडतीस झाले होते.

सुधींद्रने शिवी घातली आणि बसल्या जागेवरून कॅमेऱ्यातला तो ऑप्शन बदलला. ओळख तपासा. कॅमेऱ्याने दोन्ही जोडण्या तोडल्या आणि दोघांकडे नव्याने सर्टिफिकेट मागितलं. आता तो परका बाहेर फेकला जायला हवा होता. स्वतःच्या सहीचं सर्टिफिकेट तपासणीत टिकत नाही. कधीच नाही.

भार्गवीचा फोन काळा झाला. त्यावर एक ओळ आली...

'ओळख पटली नाही.'

कंपनीच्या सर्व्हरला कॅमेऱ्याने नाकारलं होतं. त्याचं सर्टिफिकेट नेहमीसारखं संपलेलं होतं ना. आणि दुसरी जोडणी?

ती चालू होती. तपासून, मान्य करून.

सुधींद्रने हात कीबोर्डवरून उचलले, भाजल्यासारखे. "तू घरी जा," तो म्हणाला. "आत्ता. मी सोसायटीत फोन करतो."

ऑफिस ते घर दोन किलोमीटर. पण आउटर रिंग रोडवर गाड्या मुंगीच्या पावलाने. पंचवीस मिनिटांत रिक्षा अर्धा किलोमीटरही सरकली नव्हती. तेवढ्यात गेटवरच्या कल्लाप्पाचा फोन आला. तो वर जाऊन आला होता. तो जरा वैतागूनच बोलला.

"मॅडम, तुम्ही घरीच आहात की. मी बेल वाजवली, तुम्हीच आतून म्हणालात, बाळ झोपलंय, बेल वाजवू नका."

भार्गवीने रिक्षावाल्याला हातात आली ती नोट दिली आणि ती पळत सुटली. चपला कुठे गेल्या ते तिला आजही आठवत नाही. छातीत दूध दाटून आलं होतं, कुर्ता भिजला होता. बाळ भुकेलं की आईला असं होतं. म्हणजे तो रडत असणार. रडतोय म्हणजे आहे. एवढंच ती मनाशी म्हणत होती.

लिफ्टमधून ती बाहेर पडली तेव्हा तीन एकतीस झाले होते.

घरातून काहीच आवाज नव्हता.

किल्ली फिरली, पण दार आतून कडी लावून बंद होतं. तिने हाका मारल्या. दारापलीकडे पावलं आली आणि थांबली.

"कोण हाय?"

"गंगव्वा, मी. दार उघड."

"अक्का म्हणाल्या हुत्या," गंगव्वा दार न उघडता म्हणाली, "माझ्यावाणीच दिसणारी येईल. रडत येईल. अनवाणी येईल. बाळ न्यायला."

भार्गवीने आपल्या पायांकडे बघितलं. अंगठा फुटून रक्त येत होतं.

ती विनवत राहिली, दारावर मुठी आपटत राहिली. कॅमेऱ्याची वायर ओढ, एवढंच कर म्हणाली. गंगव्वा भोळी होती, पण मूर्ख नव्हती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "स्वल्प थांबा. मी दोघींना बी इचारते. बाळाच्या अंगावर तीळ हाय. आईला आन् मला, दोघींनाच ठावं. कुठं हाय?"

"डाव्या गुडघ्यामागे," भार्गवी ओरडली. तिथे तिने दिवसातून दहा वेळा ओठ टेकवले होते.

मग आतून, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, दुसरा आवाज आला. तिचाच आवाज. फक्त शांत. राजसला निजवताना ती काढते तसा...

"उजव्या टाचेला गं, गंगव्वा. मोजा काढून बघ."

पावलं आत गेली.

आणि आता वाळे वाजले. कुणीतरी त्याचा पाय वर उचलत होतं.

पावलं परत आली. कडी निघाली.

दार उघडलं तेव्हा भार्गवीला वाटलं, सुटलो. ती हात पुढे करून आत गेली आणि बिडाचा तवा तिच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिने ऐकला, दुखणं नंतर आलं. दुसरा घाव खांद्यावर. गंगव्वा रडत मारत होती. रडत, देवाचं नाव घेत, सगळा जीव लावून. आपल्या सांभाळलेल्या लेकराला भुतापासून वाचवायला माणूस मारेल तसं.

आणि स्पीकरमधून भार्गवीचाच आवाज शांतपणे सांगत होता, "डोक्यावर. अजून एकदा. थांबू नकोस."

तिसऱ्या घावाने तिच्या कपाळाची कातडी फाटली. डोळ्यांत रक्त उतरलं. त्या लाल धुरकटात तिला पाळणा दिसला, आणि त्यात बसलेलं बाळ. सात महिन्यांचा राजस अजून आधाराशिवाय बसत नव्हता.

मग ती आई राहिली नाही, बाईही राहिली नाही. धड असलेल्या हाताने तिने गंगव्वाचे केस धरले आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा. परत. तवा खाली पडला. गंगव्वा तिच्या हाताला चावली, तिने सोडलं नाही. अंगठा गंगव्वाच्या डोळ्यात गेला, तरी सोडलं नाही. किती वेळा आपटलं, ते तिने मोजलं नाही. कल्लाप्पा आणि समोरच्या फ्लॅटमधले दोघे धावत आले तेव्हा चौकट वरपासून खालपर्यंत लाल झाली होती.

त्यांनी दोघींना वेगळं केलं. कुणीतरी कन्नडमध्ये पाणी मागत होतं.

पाळण्यावरच्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा विझला. वायर कुणी ओढली नव्हती.

तीन चाळीस झाले होते.

भार्गवी सरपटत पाळण्यापाशी गेली. राजस उताणा पडलेला, जागा, तिच्याकडे बघत होता. एवढ्या आरडाओरड्यात रडला नव्हता. तिने एका हाताने त्याला उचललं, छातीशी धरलं आणि तो प्यायला लागला. रक्तात, घामात, तसाच. तिला वाटलं, जिंकलो आपण.

गंगव्वाचा डावा डोळा वाचला नाही.

पोलिसात कुणीच तक्रार केली नाही. दोघी काय सांगणार होत्या? तो लॉग सुधींद्रकडे आहे, पण त्याने तो परत उघडलेला नाही. आपल्या हाताखालच्या कुठल्याही कोडमध्ये ओळख तपासायचा ऑप्शन तो आता टेस्टिंगलासुद्धा बंद करू देत नाही. नवी मुलं मागून हसतात त्याला.

आठव्या दिवशी, हाताला प्लास्टर असताना, भार्गवी गंगव्वाला भेटायला दवाखान्यात गेली. पाया पडली. मी पैसे देईन, आयुष्यभर बघीन, असं काहीबाही बोलली. गंगव्वाने पट्टी बांधलेलं तोंड तिच्याकडे वळवलं. तिच्या मनात राग नव्हता. तिने फक्त एवढंच सांगितलं...

"मला बी गुडघ्यामागंच ठावं हुतं, पण मी डोळ्यानं बघूनच दार उघडलं, अक्का. तीळ टाचेलाच हुता. गुडघ्यामागं काय बी नव्हतं."

घरी येऊन भार्गवीने मोजे काढले. त्या आठ दिवसांत तिची सासू त्याला न्हाऊ घालत होती, तिने स्वतः बघितलंच नव्हतं.

उजव्या टाचेला तीळ होता.

डाव्या गुडघ्यामागे... कोरी, मऊ कातडी.

फोनमध्ये जन्मापासूनचे चारशेच्या वर फोटो आहेत. त्यात तीळ गुडघ्यामागे आहे. सगळ्या फोटोंत. आठ फेब्रुवारीपर्यंतच्या, म्हणजे त्या बुधवारपर्यंतच्या. शंतनु म्हणतो, फोटो उलटे पडतात कधीकधी. डॉक्टर म्हणाल्या, लहान मुलांचे तीळ येतात-जातात. ती मान डोलावते.

राजस आता दीड वर्षाचा आहे. गोड आहे, गुटगुटीत आहे, तिच्यावाचून जेवत नाही. ती त्याच्यावर जीव टाकते, खोटं का सांगा. पण दुपारी त्याला मांडीवर निजवलं की ती गॅलरीकडे कान लावून बसते. दूर कुठेतरी, कुठल्यातरी घरात, तेवढ्याच वयाचं एखादं मूल 'आई' म्हणून हाक मारतंय का, ऐकत.

आणि तिला सगळ्यात भीती वाटते ती याची, की तिथे कुणीतरी तिच्या आवाजात 'ओ' देत असेल.