डाव्या पंखाला हात

मुरुडच्या अलीकडे, खाजणालगतच्या माळावर ग्लायडर क्लबची पत्र्याची शेड आहे. मे सरत आला होता. त्या सकाळी क्रांती आणि कोंडाजीकाका ग्लायडरचा डावा पंख जोडत होते. नेहमीचंच काम, पण क्रांतीचा पाय एका जागी ठरत नव्हता. आज ती पहिल्यांदा एकटी उडणार होती. दुपारी समुद्राचा वारा चढला की उड्डाणं बंद. आणि उद्यापासून सगळं झाकून ठेवायचं, ते थेट दिवाळीपर्यंत.

"सळईची पिन घातलीस?" काकांनी विचारलं.

"घातली हो! किती वेळा विचारणार?" तिने पंखावरचं झाकण खाडकन लावलं.

एरवी काकांनी ते उघडून स्वतः पाहिलं असतं. पण सकाळपासून तिच्याशी हुज्जत घालून ते थकले होते. "बस आत. हात देतो," एवढंच म्हणाले.

हात देणं ही तिथली रीत. एकाने आत बसून दांडा हलवायचा, दुसऱ्याने बाहेर पंखाच्या मागची हलती पट्टी धरून ठेवायची. दोन्हीकडून जोर लावूनही काही सुटलं नाही, तर जोडणी पक्की. कित्येक वर्षं हे बाहेरून धरायचं काम कोळीवाड्यातली मनुमावशी करायची. गेल्या पौषात ती वारली.

क्रांती आत बसली. मळक्या काचेतून पंखाशी नुसती सावली दिसत होती.

"धरा!"

दांडा अडला. पट्टी कुणीतरी घट्ट धरली होती.

"बास. सोडा आता."

सोडेना.

"काका, उशीर होतोय..."

कुठूनसा वास आला. सुक्या बोंबलांचा, आणि त्यात मिसळलेला सुरंगीच्या गजऱ्याचा. सुरंगीचा बहर तर कधीच सरला होता.

तेवढ्यात शेडच्या समोरच्या दारातून काका आत आले, हातात ग्रीसचा डबा. "थांब गं पोरी, आलो. मी अजून धरलं न्हाय..."

क्रांतीने घाबरून दांड्याला हिसडा दिला. कट्ट! दांडा एकदम सैल पडला. बाहेर पट्टी मात्र तसूभरही हलली नाही.

काकांनी झाकण उघडलं. दांडा नि पट्टी जोडणारी आतली सळई निसटली होती. पिन क्रांतीच्या शर्टाच्या खिशात होती.

"वर गेल्यावर सुटली असती तर..." खिशातली पिन काढत ती म्हणाली.

"तू म्हणालीस, नि मी न बघता मानलं. दोघंही गाढव."

"काका... पट्टी कुणी धरली होती?"

काकांनी हळूच श्वास ओढला. त्यांनाही तो वास आला असावा. "मनुबाई खात्री झाल्याबिगर सोडायची न्हाय," ते पुटपुटले. "पिन घाल."

क्रांतीने पिन घातली. या वेळी झाकण तिने उघडंच ठेवलं. "तुम्ही बघा. नीट बघा."

मग काकांनी माळावर पंख उचलून सरळ धरला. पंख उचलला की तयारी झाली, ही लांब टोकाला दोर ओढायचं यंत्र चालवणाऱ्या विंचवाल्याला खूण. दोर ताणला आणि जमीन खाली गेली. नारळाच्या बागा, होड्या, उन्हात चकाकणारं खाजण. क्रांती एकटीच मोठमोठ्याने हसली.

ग्लायडरला पोटाखाली एकच चाक. उतरून थांबलं की ते एका पंखावर कलतं, कलायलाच हवं.

ते थांबलं. कललं नाही.

माळाच्या दुसऱ्या टोकाकडून काका धावत येत होते. ते मध्येच थबकले.

"मावशी," क्रांती कुजबुजली, "सोड आता..."

डावा पंख अलगद खाली आला, झोपलं मूल ठेवावं तसा, आणि गवताला टेकला.

"पुन्हा जायचं का गं?" काकांनी लांबूनच विचारलं.

क्रांतीने उत्तरासाठी तोंड उघडलं, तोच डावा पंख गवतावरून उचलला गेला आणि सरळ होऊन थांबला.