लांबीचा ताणा

स्लॅबच्या पोटात लोखंड कुठं आणि किती घालायचं, हे ठरवणं शालिकराम हेडाऊचं काम. सीताबर्डीवरच्या एका ऑफिसात खिडकीपाशी त्याचं टेबल होतं. चौऱ्याहत्तर सालच्या त्या हिवाळ्यापर्यंत त्यानं वाडीकडची गोदामं, शाळा, एक पाण्याची टाकी अशी बरीच कामं कागदावर उभी केली होती. स्वतः मात्र टांडापेठेत कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरात राहायचा आणि पावसाळ्यात गळणाऱ्या जागी पातेली मांडायचा. "साऱ्या गावाच्या डोक्यावर स्लॅब टाकता, अन् आपल्या डोक्यावर कवेलू," असं त्याची बायको कौसल्या म्हणायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शेवटी त्यानं मनावर घेतलं. पाडून स्लॅबची बांधायची होती ती हातमागाची खोली. वडील धोंडबा हे कोष्टी, विणकर; जन्मभर तिथं खड्ड्यात पाय सोडून विणत बसले. शालिकरामचं सगळं बालपण त्या खोलीच्या उंबऱ्यावर गेलं. सुताला खळ म्हणून लावायच्या पाजणीच्या पेजेचा आंबूस वास, हातातून निसटून जाणारा गुळगुळीत धोटा, आणि बाहेर गल्लीभर लांबीनं ताणलेलं सूत, म्हणजे ताणा. शाळेत जाताना त्या सुताखालून वाकून जावं लागे, आणि डोकं लागलं तर अख्खी गल्ली ओरडे. कॉलेजात असताना त्यानं एकदा वडिलांना स्लॅबचं ड्रॉइंग दाखवलं होतं. भार आखूड बाजूनं भिंतींवर उतरतो, म्हणून जाड सळया आखूड बाजूनं आणि तळाशी. लांबीनं नुसत्या बारीक, त्यांना धरून ठेवायला. धोंडबा बराच वेळ ड्रॉइंग पाहत राहिले आणि मग पोट धरून हसले.

"उलटं काढलं गा तू. ताणा कधी आखूड बाजूनं लागते का? ताणा लांबीनंच जाते."

त्या हसण्याची आठवण झाली की शालिकरामला अजून भरून येई. धोंडबा गेले, माग विकला गेला, खड्डा मुरुमानं भरला. आई मनकर्णाबाईची एकच खंत उरली. नवऱ्यानं शेकडो करवतकाठी लुगडी विणली आणि सगळी इतवारीत गुलाबचंदच्या दुकानी गेली. "हे मागावरून उतरलं का तुह्यासाठी एक लावतो," असं ते दर वेळी म्हणत. ते एक राहूनच गेलं. मनकर्णाबाई हे हसत सांगायची, पण दर सणाला सांगायचीच.

भिंती उभ्या राहिल्या, सेंट्रिंग लागलं. लोखंड बांधणारा नत्थू जुना, शालिकरामच्या कामावरचा. त्यानं ड्रॉइंगप्रमाणे जाळी बांधली. शालिकरामनं संध्याकाळी वर चढून स्वतः पाहिली आणि मगच जेवायला बसला.

सकाळी जाळी तशी नव्हती.

लांबीच्या बारीक सळया आखूड सळयांच्या एकदा वरून, एकदा खालून गेल्या होत्या. पुढच्या सळईला त्याच्या उलट. जाड सळया त्यामुळं तळापासून वर उचलल्या गेल्या होत्या. म्हणजे स्लॅबची निम्मी ताकद गेली. बांधायची तार कुठं कापलेली नव्हती. ती गाठ मारून घट्ट केली होती, आणि ती गाठ पक्कडीची नव्हती.

नत्थू कानाला हात लावून म्हणाला, "साहेब, मी सांगतलं तसंच बांधलं होतं जी. असं विणाले तर आठवडा लागन."

शालिकरामनं सगळं सोडवून पुन्हा बांधून घेतलं. कुणाची तरी मस्करी असणार. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. या वेळी वीण आणखी दाट होती. तो चिडला, कारण या छताखाली त्याची आई झोपणार होती आणि कमजोर स्लॅब तो तिच्या डोक्यावर टाकणार नव्हता.

मनकर्णाबाई खाली अंगणात तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "त्याईले सैल काम कधी चालत नव्हतं."

"कोणाले वं माय?"

ती तांदूळ पाखडू लागली.

शालिकराम माणूस हिशोबाचा. त्या दिवशी ऑफिसात बसून त्यानं लांबीच्या बाजूनंही तितक्याच जाड सळया दिल्या. जाड सळई कुणाला वाकवून विणता यायची नाही, हा एक विचार. दुसरा विचार त्यानं कौसल्येलाही सांगितला नाही. पेन्सिल टेकवताना तो हळूच म्हणाला होता, "घ्या बाबा, लांबीनं ताणा."

त्यानंतर जाळीला कुणी हात लावला नाही.

स्लॅब ओतला तेव्हा उन्हात उभ्या मजूर बायांनी घमेली खाली ठेवून इकडंतिकडं पाहिलं. सिमेंटचा वास येत नव्हता. पेजेचा येत होता, आंबूस. शालिकरामला वाईट वाटायच्या ऐवजी इतकं बरं वाटलं, की तो डोळे मिटून नुसता हुंगत राहिला.

सेंट्रिंग उतरवल्यावर छताच्या पोटाला फळ्यांचे ठसे दिसतात. इथं कापडाची वीण दिसली. "कोणी बारदाना अंथरला असन," नत्थू म्हणाला. पण बारदानाला काठ नसतो. इथं तीन भिंतींच्या कडेनं करवतीचे बारीक दाते होते. चौथ्या भिंतीकडं हातभर जागा कोरी होती.

मनकर्णाबाईनं आपली खाट त्याच खोलीत टाकायला लावली. दिवसभर उताणी पडून वर पाहायची. कित्येक वर्षांत ती इतकी खूश नव्हती. गुलाबचंदच्या दुकानाच्या, धोंडबांच्या रागाच्या, लग्नातल्या गोष्टी सांगायची, आणि शालिकराम ऑफिसातून आला की खाटेच्या पायथ्याशी बसून ऐकायचा. लहानपण परत मिळाल्यासारखं वाटायचं त्याला.

मग एकदा त्यानं स्टुलावर चढून कोऱ्या जागेकडच्या विणीच्या कडेला पेन्सिलची रेघ मारली. काही दिवसांनी पाहिलं तर रेघ विणीच्या आत गेली होती, वीण पुढं सरकली होती.

"पाह्यतं काय?" आई खाटेवरून म्हणाली. "माह्यं आहे ते. उतरलं का तेच नेसून जातो मी."

"कुठं जातं?"

"त्याईच्याकडं. अजून कुठं?"

शालिकरामला आई हवी होती, बस. त्याच दिवशी त्यानं तिला उमरेडच्या बसमध्ये बसवलं आणि धाकट्या बहिणीकडं, लतिकाकडं पोचवून आला. मनकर्णाबाईनं हट्ट केला नाही. एवढंच म्हणाली, "काहून धावपळ करून राहिला बापा?"

परत आला तर छत साधं होतं. फळ्यांचे ठसे, मधे एक लाकडाच्या गाठीचा. वीण नाही, काठ नाही. कौसल्या म्हणाली, तिलाही आत्ताच दिसलं. त्यानं स्टुलावर चढून सगळीकडं हात फिरवला. नुसतं काँक्रीट, गार आणि खरखरीत. त्या आठवड्यात तो पोटभर जेवला, आणि रविवारी आईला आणायला निघाला.

लतिका दारातच भेटली. "दादा, मायच्या अंगावर काय उठलं ते पाह्य. मले वाटलं चटईचे वळ असतीन. पण जाऊनच नाही राहिले."

मनकर्णाबाई उन्हात बसली होती. तब्येत चांगली दिसत होती. तिनं पदर बाजूला करून हात पुढं केला.

खांद्यावरून दंडावर, दंडावरून कोपरापर्यंत बारीक वीण उतरली होती. कडेनं करवतीचे दाते होते.

"सूत पाह्य किती बारीक लावलं," ती म्हणाली.

शालिकरामनं बोट टेकवलं. कोऱ्या कापडाची खळ बोटाला लागली.

मनगटापाशी विणायचं अजून बाकी होतं. तिथं दोरे सुटे होते, आणि वारा नसताना एकेक करून ताणले जात होते.